बायपासनंतरचे मन : काय कळले आहे आणि काय करायला हवे

बायपास झालेल्या माणसाला महिन्याभराने भेटायला गेले की घरातली मंडळी बाहेर सोडायला येताना हळूच एक गोष्ट सांगतात. ऑपरेशन छान झाले, टाके सुकले, इको चांगला आला; पण बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत. बारीकसारीक गोष्टींवरून चिडतात, मालिका बघताना डोळे भरून येतात, रात्री दोन वाजता उठून नाडी मोजत बसतात. पथ्याचे विचारले, गोळ्यांचे विचारले, पण हे डॉक्टरांना कसे विचारायचे? आणि विषय तिथेच राहतो.

हा विषय विचारण्याजोगा आहे, आणि त्याची बरीचशी उत्तरे आज उपलब्ध आहेत. हृदयशस्त्रक्रियेनंतर मनाचे काय होते, कोणाला जास्त त्रास होतो, त्यावर कोणता उपाय चालतो, यावर साठ वर्षे संशोधन झाले आहे. काही समजुती खोट्या ठरल्या, काही आशाही फोल ठरल्या. हाती जे उरले ते मात्र भक्कम आहे, आणि ते आपल्याकडच्या रुग्णापर्यंत फारसे पोचलेले नाही.

साठ वर्षांपूर्वीच दिसलेला प्रश्न

फिलाडेल्फियात १९५३ साली डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हृदय उघडून दुरुस्त करणे शक्य झाले. १९६० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात डॉ. अल्बर्ट स्टार यांनी कृत्रिम झडप बसवली. याच स्टार यांनी १९६४ मध्ये पॉल ब्लॅचली या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही काही रुग्णांना दोन-चार दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असे वाटते, असे त्यात नोंदवले होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधून असाच दुसरा अहवाल आला. क्लीव्हलँडमध्ये डॉ. रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास रूढ केली ती १९६७ नंतर. म्हणजे बायपास सर्वदूर पोचण्याआधीच मनाचा प्रश्न सर्जनांच्या टेबलावर येऊन पडला होता.

भारतातली पहिली यशस्वी बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शेतमजुराच्या घरातही ती होऊ शकते. शस्त्रक्रिया सर्वदूर पोचली, पण तिच्यानंतरची मनाची देखभाल तिच्यासोबत गेली नाही.

पहिले चार दिवस : आयसीयूतला भ्रम

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागतो. नळ्या ओढतो, घरच्यांना ओळखत नाही, दिवस की रात्र ते सांगता येत नाही. थोड्या वेळाने शुद्धीवर येतो, संध्याकाळी पुन्हा तेच. हा तात्पुरता भ्रम आहे, वेड नव्हे. वय जास्त, आधीपासून विस्मरण, दारूची सवय, कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे, लांबलेली शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, झोपेचा बोजवारा यांमुळे तो बळावतो. आरडाओरडा करणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. पण काहींमध्ये हाच भ्रम गप्प असतो. रुग्ण नुसता छताकडे बघत पडून राहतो, आणि ‘आज शांत आहेत’ म्हणून सगळे निश्चिंत होतात. हा दुसरा प्रकार जास्त निसटतो.

यावर साधे उपाय चालतात, हे येल विद्यापीठातल्या डॉ. शेरॉन इनौये यांनी १९९९ मध्ये दाखवले. सत्तरी उलटलेल्या ८५२ रुग्णांच्या त्यांच्या अभ्यासात वेळ-वार सांगत राहणे, चष्मा आणि कानाचे यंत्र देणे, पुरेसे पाणी, रात्री गोंगाट कमी, लवकर उठवून चालवणे एवढ्यावर भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. तो अभ्यास सर्वसाधारण वॉर्डातला होता, पण हीच सूत्रे आज हृदयशस्त्रक्रियेनंतरही पाळली जातात. आपल्याकडे ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, कानाचे यंत्र नातेवाइकांच्या हाती दिले जाते आणि ते पुढचे तीन दिवस पिशवीतच राहते. ते परत मागून घ्या, भेटायला मिळतील त्या दहा मिनिटांत आज कोणता वार आहे, सकाळ आहे की संध्याकाळ, हे सांगा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भ्रम ओसरल्यावर रुग्णाला आपण काय बोललो याची अर्धवट आठवण असते आणि त्याची त्याला लाज वाटते. ‘तो औषधांचा आणि आजाराचा परिणाम होता, तुमचा स्वभाव नव्हे’ हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. घरात त्यावरून थट्टा तर मुळीच नको.

घरी आल्यावरचे आठवडे

डिस्चार्जच्या दिवशी सगळे आनंदात असतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. छातीचे हाड सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. कुशीवर वळता येत नाही, म्हणून झोप लागत नाही. खोकला आला की छाती फाटेल असे वाटते. पायाची शीर काढली तिथे सूज येते, अन्नाला चव लागत नाही. पाण्याची बादली उचलायची नाही, दुकानाचे शटर ओढायचे नाही, दुचाकी चालवायची नाही. कालपर्यंत घर चालवणाऱ्या माणसाला आज आंघोळीला मदत लागते. अशा वेळी रडू येणे, चिडचिड होणे, छातीत जरा कळ आली तरी धसका बसणे हे बहुतेकांना होते आणि काही आठवड्यांत ओसरते. आधीच कल्पना दिली असेल तर ते सोसणेही सोपे जाते.

आपल्याकडे यात भर पडते ती बघायला येणाऱ्यांची. अमक्याचे बायपासनंतर काय झाले, तमक्याचा ग्राफ्ट, म्हणजे जोडलेली शीर, कसा बंद पडला, याच्या कथा आजारी माणसाच्या खाटेपाशी बसून सांगितल्या जातात. ‘वाचलात हेच नशीब’ असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला उदास वाटते आहे त्याला त्यातून एवढेच ऐकू येते की, आता तक्रार करायची नाही. मग तो बोलायचा थांबतो.

उदासी कधी आजार होते

इथे सीमारेषा नीट समजून घेतली पाहिजे. थकवा, झोप न लागणे, भूक मरणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचीही. त्यामुळे नुसत्या त्यांवरून निदान होत नाही. पाहायचे असते ते वेगळे. नातवंडे आली तरी चेहरा हलत नाही का? आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत का? ‘मी आता काही कामाचा नाही’, ‘तुमच्यावर ओझं झालोय’ अशी भाषा सुरू झाली आहे का? हे दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ चालले असेल, तर ते बायपासचे नेहमीचे दुखणे नाही.

किती जणांना असे होते? अमेरिकेतल्या एका अभ्यासात बायपास झालेल्या ३०९ रुग्णांना डिस्चार्जच्या सुमारास तपासले, तेव्हा २० टक्क्यांना तीव्र नैराश्य होते. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात वर्षभरात हृदयाची नवी तक्रार उद्भवण्याचे प्रमाण नैराश्य असलेल्यांत २७ टक्के, तर इतरांत १० टक्के होते. दोन वर्षांनी ड्यूक विद्यापीठाच्या जेम्स ब्लुमेंथल यांनी ८१७ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात शस्त्रक्रियेआधीच ३८ टक्क्यांमध्ये कमी-अधिक नैराश्य आढळले. ज्यांचे नैराश्य मध्यम ते तीव्र होते, त्यांच्यात पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक होता. सहा महिन्यांनंतरही ज्यांचे नैराश्य टिकून राहिले, त्यांचीही हीच गत.

असे का होते, याची काही कारणे उघड आहेत. खचलेला माणूस चालायला जात नाही, गोळ्या चुकवतो, सुटलेली तंबाखू पुन्हा तोंडात टाकतो. शरीरातही दाह वाढणे, रक्ताच्या गाठी होण्याची प्रवृत्ती वाढणे, हृदयगतीचे नियंत्रण बिघडणे असे बदल दिसले आहेत. शिवाय ज्याचे हृदय जास्त खराब, तो जास्त उदास, असेही असू शकते. नैराश्यामुळेच मृत्यू ओढवतो असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र ते धोक्याची खूण आहे, याबद्दल शंका उरलेली नाही.

यंत्राचा दोष, गोळ्यांचा दोष?

‘हृदय-फुफ्फुस यंत्रावर ठेवल्याने मेंदू मंदावतो’ हा समज रुग्णांत आणि डॉक्टरांतही बरीच वर्षे होता. त्याला आधार मिळाला २००१ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाने. त्यात २६१ रुग्णांपैकी ५३ टक्क्यांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता डिस्चार्जच्या वेळी घटलेली होती, सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले, पण पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के झाले. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी एक उणीव भरून काढली. हृदयविकार आहे पण शस्त्रक्रिया झालेली नाही, अशा रुग्णांशी त्यांनी तुलना केली. दूरची घट दोन्ही गटांत सारखीच निघाली. धडधडत्या हृदयावर, यंत्राविना केलेल्या बायपासमध्ये तरी फरक पडतो का, हे नेदरलँड्समध्ये पाहिले गेले. वर्षाने आणि पाच वर्षांनीही फरक दिसला नाही. निष्कर्ष असा की, सुरुवातीचा विसराळूपणा खरा असतो, बहुतेकांत तो काही महिन्यांत सुधारतो, आणि नंतरची घसरण मुख्यतः वय, रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराची असते.

दुसरा आळ येतो तो हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर. ‘त्या गोळीनेच उदास वाटते’ म्हणून ती परस्पर बंद करणारे अनेक आहेत. २००२ मध्ये १५ चाचण्यांमधल्या ३५ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र पाहिली गेली. नैराश्याच्या लक्षणांत लक्षणीय वाढ आढळली नाही, थकवा मात्र थोडा वाढलेला दिसला. तेव्हा गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. शंका असेल तर डॉक्टरांशी बोलून ती बदलता येते.

ज्यांच्याकडे कमी लक्ष जाते

बायपासचा रुग्ण म्हटला की साठीचा पुरुष डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरत्र जवळजवळ ५९व्या, असे ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासातून दिसले. म्हणजे इथला रुग्ण बहुधा नोकरी-धंद्यात असतो, मुलांचे शिक्षण व्हायचे असते, घराचे हप्ते चालू असतात. त्याच्या उदासीत मरणाच्या भीतीइतकीच रोजगाराची भीती असते. ‘पुन्हा गाडी चालवता येईल का’, ‘शेतात कधी जाऊ’ या प्रश्नांना नेमके उत्तर मिळाले की निम्मा भार हलका होतो. पती-पत्नीच्या शरीरसंबंधांबद्दल तर कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. प्रकृती स्थिर असेल आणि छातीची जखम नीट भरली असेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी हरकत नसते, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे.

स्त्रियांची कथा वेगळी आहे. बायपासनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत स्त्रियांमध्ये नैराश्याची लक्षणे जास्त आणि शरीराची उभारी कमी असते, असे अभ्यास सांगतात. आपल्या घरांत पुरुष रुग्णाची सेवा पत्नी करते. पत्नी रुग्ण असली की ती तीन आठवड्यांत स्वयंपाकघरात उभी दिसते. तिला विश्रांती घेतानाही अपराधी वाटते.

सर्वांत दुर्लक्षित आहेत ते झडप बदललेले तरुण रुग्ण. लहानपणीच्या संधिवाती तापाने झडपा खराब होण्याचा आजार भारतात अजून आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली झडप १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली आणि गरीब रुग्णांना मोठा आधार मिळाला. पण यांत्रिक झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी, नियमित रक्ततपासणी, आणि रात्रीच्या शांततेत स्वतःच्या छातीतून ऐकू येणारी टिकटिक. विशीतल्या मुलीपुढे त्यात आणखी प्रश्न असतात. छातीवरचा व्रण, लग्न ठरवताना हे सांगायचे की नाही, आणि ती गोळी चालू असताना गर्भारपणातला धोका. या मुलींना इको काढणारे भेटतात, रक्त तपासणारे भेटतात. निवांत बसून बोलणारे कोणी भेटत नाही.

उपायांचा हिशेब

सर्वांत उत्साह वाढवणारा पुरावा पिट्सबर्गमधून २००९ मध्ये आला. बायपासनंतर नैराश्य असलेल्या ३०२ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ महिने प्रशिक्षित परिचारिका फोन करत राहिल्या. कसे वाटते ते विचारणे, आजार समजावणे, गरज पडल्यास औषध किंवा समुपदेशन सुचवणे, आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवणे एवढेच काम. या गटातल्या ५० टक्क्यांची लक्षणे निम्म्यावर आली. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आतच राहिले. त्याच वर्षी सेंट लुईसमधल्या १२३ रुग्णांच्या अभ्यासात विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने तीन महिन्यांत ७१ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. नेहमीच्या उपचारांवर हे प्रमाण ३३ टक्के होते.

शस्त्रक्रियेआधीची तयारीही उपयोगी पडते. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये १२४ रुग्णांच्या अभ्यासात काहींशी आधीच बोलून, बरे झाल्यावर काय काय करायचे आहे याची योजना त्यांच्याकडूनच करून घेतली. सहा महिन्यांनी त्यांचे रोजचे व्यवहार नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा अधिक सुरळीत होते. त्याआधी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स कुलिक आणि हाइक माहलर यांनी पाहिले होते की, बायपासची वाट बघणाऱ्याला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खोलीत ठेवले तर त्याची भीती कमी होते, तो नंतर जास्त चालतो आणि लवकर घरी जातो. आपल्या जनरल वॉर्डात हे आपोआप घडते. ते जाणीवपूर्वक घडवायला पैसा लागत नाही. बोस्टनमध्ये तर १९५१ पासूनच डॉ. ड्वाइट हार्कन यांच्या रुग्णांनी ‘मेंडेड हार्ट्स’ ही संघटना उभारून नव्या रुग्णांना भेटण्याचा प्रघात पाडला.

योगाबद्दल भारतातच काम झाले आहे. बंगळुरूत बायपासच्या ३०० रुग्णांवर वर्षभर चाललेल्या अभ्यासात योगावर आधारित पुनर्वसनाने ताण, चिंता आणि उदासी कमी झाली. नियमित चालणे आणि देखरेखीखालचा व्यायाम यांचा फायदा मनालाही होतो, हे तर अनेक देशांत दिसले आहे. औषधांपैकी सर्ट्रालीनसारख्या गोळ्या हृदयरुग्णांना सहसा चालतात. पण ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून ती निवड डॉक्टरांचीच.

आता दुसरी बाजू. झटका येऊन गेलेल्या २,४८१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत मानसोपचाराने उदासी कमी झाली, पण आयुष्य वाढले नाही. नुसती तपासणी करून भागत नाही, हेही १,५०० हृदयरुग्णांच्या अलीकडच्या चाचणीतून दिसले. तपासणीमागे उपचारांची पक्की साखळी हवी. यावरून काहीजण म्हणतात, मग कशाला हा खटाटोप? माझे मत उलट आहे. वेदनाशामक गोळीने आयुष्य वाढते का, असे आपण विचारत नाही. वेदना कमी होते म्हणून ती देतो. मनाच्या वेदनेला वेगळा न्याय लावणे चूक आहे.

घरच्यांची जागा

रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपासच्या २२५ रुग्णांना १५ वर्षे पाहिले. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने जे आपल्या संसारात समाधानी होते, त्यांच्यात १५ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त निघाले. कारण-परिणामाचा हा पुरावा नव्हे, पण घराचे वजन त्यातून कळते. मात्र काळजी आणि पहारा यांत फरक आहे. जिना चढू नका, मोठ्याने हसू नका, बातम्या बघू नका, असा सतत धाक राहिला तर रुग्ण स्वतःला कायमचा अपंग समजू लागतो. डॉक्टरांनी जेवढी परवानगी दिली तेवढे त्याला करू द्यावे, घरातल्या निर्णयांत विचारावे. ‘सकारात्मक राहा’ असा उपदेश मात्र टाळावा. तो ऐकून खचलेल्या माणसाला आपलेच काही चुकते असे वाटते. आणि जागरणे करणाऱ्या पत्नीचीही कोणीतरी विचारपूस करावी.

एक इशारा विसरू नये. नवी छातीदुखी, धाप, चक्कर, ताप किंवा जखमेतून स्राव याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. आधी हृदय तपासायचे, मग मन.

आपल्याकडे काय करता येईल

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली दिसले की, नैराश्य आणि चिंतेसारख्या विकारांत सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. कायदा मात्र रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण देणे बंधनकारक केले.

गडचिरोलीचा रुग्ण नागपुरात शस्त्रक्रिया करून घरी परततो, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या गावात नसतो. फोन मात्र असतो. म्हणून पिट्सबर्गचा नमुना आपल्याला परवडणारा आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने एका परिचारिकेला प्रशिक्षण द्यावे आणि दोन आठवडे, सहा आठवडे आणि तीन महिन्यांनी फोन करण्याचे काम तिला नेमून द्यावे. डिस्चार्ज कार्डावर पथ्याच्या यादीखाली दोन प्रश्न छापावेत : गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटते का? हृदयरुग्णांना हे दोन प्रश्न विचारावेत, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच केली आहे. उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आले, तर पुढची तपासणी आणि उपचार कुठे मिळतील हेही त्याच कार्डावर लिहिलेले असावे. सरकारी योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च धरला जातो, तसा या फोनचा आणि समुपदेशनाचाही धरला जावा. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे तो नगण्य आहे.

तोवर पुढाकार रुग्णाने आणि घरच्यांनी घ्यावा. फॉलोअपला गेल्यावर रक्तदाब आणि साखरेबरोबर मनाचेही सांगा; डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. जगणे नकोसे झाल्याचे रुग्ण बोलला, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.